कांबळेअण्णांची कळ्ळी

आमच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी पेढ्यांचा डबा घेऊन शेजारी कांबळेअण्णांकडे गेलो. अण्णांनी दार उघडलं, डबा हातात घेतला, उजेडाकडे धरून त्याचं झाकण नीट न्याहाळलं. मग आतले पेढे एकेक करून स्टीलच्या ताटलीत काढले आणि ती ताटली माझ्याच हातात दिली.

"पेढे घरी न्या वकीलसाहेब. डबा राहू दे."

"अहो अण्णा, मुलाला नोकरी लागली."

"हां, बरं झालं की. पण पुढच्या वेळेला अर्ध्या किलोचा आणू नका. किलोचा आणा. त्याला उंची असते."

मी ताटली घेऊन परत आलो. नलिनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "का हो, आवडले नाहीत का त्यांना?" तिला काय सांगणार? धारवाडात राहून पेढ्यापेक्षा डब्यावर जीव असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे कळलं की आमच्या अख्ख्या कॉलनीत हेच चाललं होतं. कुणाचं बारसं असो, कुणाची मुलगी दहावी पास होवो, अण्णा सगळ्यात आधी हजर. मुलगा झाला की मुलगी, हे ते विचारत नसत. "कागदी का प्लास्टिक?" एवढंच विचारत. प्लास्टिकचा आणि वर पारदर्शक झाकण असलेला डबा निघाला तर त्या घरच्या आनंदात ते सामील होत. पुठ्ठ्याचा निघाला तर चहा न घेता परत जात.

मी धंद्याने वकील आणि स्वभावाने रडका. माझ्याकडे बहुतेक नवराबायकोच्या भांडणाची कामं येतात, त्यामुळे हसऱ्या माणसाचा मला संशय येतो. अण्णांचा कधी आला नाही, कारण ते हसतच नसत. उंच, वाळके, शर्टाचं वरचं बटण लावलेले, आणि कुठल्याही गोष्टीकडे शेवटच्या डब्यातून बघितल्यासारखं बघणारे. ते मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी मालगाडीवर गेली.

मालगाडीला कोणी विचारत नाही. मागून एक्स्प्रेस आली की तिला बाजूच्या रुळावर घालतात. त्या बाजूच्या रुळाला म्हणायचं लूप. ती एक्स्प्रेस जाईपर्यंत, आणि तिच्या मागची जाईपर्यंत, मालगाडीने तिथं गप्प उभं राहायचं. अळणावर स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे जंगलात असं उभं राहण्यात अण्णांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर रूळ सुटले, पण लूप काही सुटला नाही. पेन्शनचा कागद अडला, की "लूपला हाय." पलीकडच्या हिरेमठांच्या मुलीचं लग्न जमेना, "लूपला हाय." माझी एक वाटणीची केस अकरा वर्षं चालली होती, तिच्याबद्दल मात्र म्हणाले, "ती मेनलाइनला आलीच नव्हती साहेब."

त्यांच्या पत्नी गंगाक्का. माहेर कलघटगीचं, घरची भाषा कन्नड, आणि हायस्कुलात कन्नडच शिकवायच्या. सगळी कॉलनी त्यांना टीचर म्हणे. अण्णाही टीचरच म्हणत. अण्णा बेळगावकडचे, मराठी. हे लग्न कसं जमलं ते मला ठाऊक नाही. दोन्हीकडची माणसं लग्नाला आली नव्हती, एवढं ठाऊक आहे. मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाचा एक फोटो, एक घड्याळ आणि गंगाक्कांची पुस्तकं.

घरात बोलणं कन्नडात चाले, आणि इथंच सगळी गंमत होती. आपल्या मराठीत खुर्ची ती, डबा तो, टेबल ते. कन्नडात वस्तूला बाई-पुरुष नाही. सगळ्या वस्तूंना एकच माप. बाई आली तर 'बंदाळ', वस्तू आली तर 'बंदैती'. पण अण्णा सासुरवाडीच्या भाषेत शिरले ते आपली मराठी लिंगं बरोबर घेऊनच. गाडी आली, की अण्णा म्हणणार, "गाडी बंदाळ." ऐकणाऱ्या कन्नड माणसाला वाटणार, गाडी नावाची कोणी बाई आली.

लगेच स्वयंपाकघरातून गंगाक्कांचा आवाज येई. "बंदाळ अल्ल री! बंदैती!" म्हणजे बंदाळ नव्हे हो, बंदैती.

"हां, हां, तेच," अण्णा म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुंपणाच्या भिंतीवरून हा पाठ मला रोज सकाळी ऐकू येई. चाळीस वर्षांत नवऱ्याला एक क्रियापद शिकवता आलं नाही, ही बाई शाळेत मुलांना काय शिकवत असेल, असं माझ्या मनात येई. आता त्याची लाज वाटते.

साडेतीन वर्षांपूर्वी गंगाक्का स्वयंपाकघरात पडल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा सगळं समजत होतं, नजर तीच कडक होती, पण तोंडातून अक्षर नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द येतीलही, नाही म्हणता येत नाही, वाट बघायची. वाट बघणं अण्णांना नवं नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई हुबळीत होत्या. आठवड्यातून दोनदा अण्णा गंगाक्कांना रिक्षात घालून तिकडे नेत. तिथं बाकावर बसायचं, नंबर आला की आत जायचं. त्या बाकाच्या वर छताला एक झाड टांगलेलं होतं. पान नाही, काही नाही, नुसत्या हिरव्या दोऱ्या, वाळत घातलेल्या शेवयांसारख्या खाली सोडलेल्या. त्यांना भिजवलेल्या साबुदाण्याएवढी पांढरी फळं. गंगाक्कांनी डावा हात वर करून एक दोरी धरली. नंबर पुकारला तरी सोडेनात. पडल्यापासून त्यांनी आपणहून काही धरलं ते हे पहिलं. त्या सोडेनात म्हणून अण्णा बोटं सोडवायला गेले आणि त्या गडबडीत तीन फळं अण्णांच्या मुठीत आली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

"का टाकली, विचारू नका," अण्णा मला म्हणाले. "हाताला आली. नोकरीत मी रेल्वेची पेन्सिल घरी आणली नाही."

पुढच्या वेळी गेले तर झाड तिथं नव्हतं. त्या जागी टीव्ही होता. गंगाक्का तासभर त्या जागेकडे बघत बसल्या.

मग अण्णा धारवाडातल्या सगळ्या रोपवाटिका हिंडले. नाव माहीत नाही, मग वर्णन करायचं. "म्हातारीचे केस असतात बघा, पण हिरवे." एकाने मनीप्लांट दिलं. एकाने प्लास्टिकच्या वेलीची माळ दाखवली आणि म्हणाला, याला पाणीसुद्धा लागत नाही. शेवटी शेतकी शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर भेटले. त्यांनी खिशातलं सुकलेलं फळ नखाने फोडून बघितलं आणि म्हणाले, "ही कळ्ळी आहे." कन्नडात कळ्ळी म्हणजे निवडुंग.

"काटे कुठं हायत मग?"

"हिला काटे नाहीत. ही वाळवंटातली नव्हे, पावसाळी जंगलातली. मोठ्या झाडाच्या खांद्यावर बसते आणि खाली लोंबते. हिला सावली लागते, ओल लागते. पण बियांपासून करायची तर तीन वर्षं धरून चाला. फांदी तोडून आणली असती तर लवकर झालं असतं."

फांदी कुठून आणणार? झाडच गेलं होतं. अण्णा म्हणाले, "आम्हाला वेळ हाय." आणि घरी आले.

तर हे डबे त्यासाठी. अण्णांनी फळं कोमट पाण्यात भिजवली, चहाच्या गाळणीत चोळली. आतला गर असा चिकट की बी बोटाला सोडेना. बी म्हणजे काळं टिंब, राजगिऱ्याएवढंही नसेल. विटेचा चुरा, नारळाचा भुसा आणि चाळलेली रेती एकत्र करून त्यावर उकळतं पाणी ओतलं, म्हणजे आतले किडे-बुरशी मरावेत. डब्यांना तापल्या सुईने खालून भोकं पाडली. मग काडीपेटीतली काडी ओली करून तिच्या टोकाने एकेक बी उचलून नुसतं वर ठेवलं. पुरायचं नाही, उजेड लागतो. झाकण लावून टाकलं. एका डब्याला बुरशी आली तर बाकीचे वाचावेत म्हणून सगळं बी एका डब्यात नाही, चार डब्यांत. रोप वाढलं की उंच डबा हवा. म्हणून आमच्या मुलाची नोकरी अर्ध्या किलोची निघाली याचं त्यांना वाईट वाटलं.

डबे गंगाक्कांच्या पलंगाशेजारच्या उत्तरेच्या खिडकीत ठेवले. रोज सकाळी अण्णा गार्डाचा टॉर्च लावून झाकणातून आत बघत.

"काय म्हणतंय?" मी विचारी.

"लूपला हाय."

आणि मग एका रविवारी सकाळी सात वाजता त्यांच्या घरातून आरोळी आली. "कळ्ळी बंदाळ! कळ्ळी बंदाळ!"

इथं वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. कन्नडात कळ्ळी म्हणजे निवडुंग हे खरं. पण कळ्ळी म्हणजे चोरटी बाई हेही तितकंच खरं. अण्णा 'बंदैती' म्हणाले असते तर कदाचित कोणी हललं नसतं. ते 'बंदाळ' म्हणाले. सगळ्या कॉलनीने ऐकलं, चोरटी आली, चोरटी आली.

हिरेमठ कुत्र्यांसाठी ठेवलेली काठी घेऊन धावले. त्यांच्या मागे त्यांच्या सौभाग्यवती लाटणं घेऊन. भाजीवालीने गाडा रस्त्यात सोडला. मी तोंडात ब्रश धरून भिंतीवरून उडी मारली, त्या उडीने लचकलेला घोटा अजून पावसाळ्यात दुखतो. आम्ही सगळे गंगाक्कांच्या खोलीत घुसलो.

"एल्ली? एल्ली अदाळ?" हिरेमठ ओरडले. कुठाय ती?

"डब्ब्याग!" अण्णा म्हणाले. डब्यात.

हिरेमठांनी काठी खाली घेतली. अण्णांनी पेढ्यांचा डबा त्यांच्या नाकासमोर धरला. आत ओल्या रेतीवर टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच हिरवे ठिपके होते. हिरेमठ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा पारा चढला. "बंदैती अन्री! बंदैती!" बंदैती म्हणा!

"तुम्ही मधी बोलू नका!" अण्णा त्यांच्यावर असे खेकसले की हिरेमठीणबाईंनी लाटणं पदराआड केलं. चूक करणारा चूक काढणाऱ्यावर का खेकसतो, कोणाला कळेना. मी एवढंच पाहिलं की अण्णा आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हते. ते गंगाक्कांकडे बघत होते. गंगाक्का डब्याकडे बघत होत्या, ओठ मिटलेले. थोड्या वेळाने अण्णांनी डबा खिडकीत ठेवला आणि आम्हाला घरी जायला सांगितलं.

त्याचं कोडं पंधरा दिवसांनी सुटलं. त्यांचा फोन बिघडला होता, म्हणून पेन्शनच्या कामासाठी ते माझ्या फोनवरून बोलायला आले. माझ्या समोर बसून बोलले. "फायल बंदैती. सही आगैती. इन्न कळसोदु उळदैती." फाइल आली, सही झाली, आता फक्त पाठवायचं राहिलं. एक चूक नाही. कोर्टातले आमचे कन्नड वकीलही इतकं नीट बोलत नाहीत.

मी बघतच राहिलो. "अण्णा, तुम्हाला येतं की!"

"चाळीस वर्षं टीचरच्या वर्गात बसलोय साहेब. दगडालाबी आलं असतं."

"मग घरी?"

अण्णा माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. "पहिली पाच-सात वर्षं खरंच चुकत होतो. मग यायला लागलं. पण मी नीट बोललो की ती काही बोलायचीच नाही बघा. चुकलो की आतनं आवाज यायचा. बरं वाटायचं. म्हणून चुकतच राहिलो." मग थांबून म्हणाले, "आता तर दिवसभर चुकतोय. औषधं झाली, मालिश झालं, हुबळीच्या बाई झाल्या. पण टीचरला चूक सहन होत न्हाई, हे डॉक्टरला कुठं ठाऊक? एक दिवस तिला राग यील आणि तोंडातनं निघंल. बंदैती. मला तेवढा एक शब्द पाहिजे साहेब. जास्त नको."

नवऱ्याच्या उठताबसता चुका काढते, हे वाक्य मी घटस्फोटाच्या किती अर्जांत लिहिलं आहे, देवाला ठाऊक. तो आवाज परत यावा म्हणून चुका करणारा नवरा मला पहिल्यांदाच भेटत होता.

त्यानंतर भिंतीपलीकडचं ऐकणं मला जड जाऊ लागलं. अण्णा चुकांची शर्थ करत. "चहा बंदान," चहा नावाचा पुरुष आला. "कुर्ची बिद्दाळ," खुर्चीबाई पडल्या. प्रत्येक चुकीनंतर ते गप्प राहत. उत्तर यायला लागेल तेवढा वेळ मोकळा सोडत. मग पुन्हा त्यांचाच आवाज. नलिनी उठून खिडकी लावून घेई.

आता माझ्या पापाकडे येतो.

पुढच्या एप्रिलात गंगाक्कांना ताप भरला आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. अण्णांनी किल्ली माझ्याकडे दिली. "डब्यांना हात लावू नका. झाकण उघडू नका. नुसतं बघा." तोवर रोपं करंगळीच्या नखाएवढी झाली होती आणि त्यांच्या अंगावर पांढरी लव आली होती. वकील सूचना वाचतो ती पळवाट शोधायला. मी बघितलं, खिडकी सावलीची, डब्यात दमट, झाकणाला आतून पाण्याचे थेंब. निवडुंग म्हटल्यावर ऊन पाहिजे, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. म्हातारा मायेपोटी ही रोपं कुजवणार, असं मी ठरवलं. झाकण उघडायचं नाही म्हणाले होते, मी उघडलं नाही. चारही डबे तसेच उचलून गच्चीच्या कठड्यावर ठेवले. एप्रिलच्या उन्हात. दोन दिवस.

अण्णा आले. बुरशी आली म्हणून सांगावं असं क्षणभर वाटलं, पण सांगितलं खरं ते. त्यांनी एक झाकण उघडलं. आत तपकिरी लगदा होता आणि शिजलेल्या भाजीचा वास आला.

"कुणी सांगितलं तुम्हाला उन्हात ठेवा म्हणून?"

"निवडुंग म्हणून..."

"नावात काय हाय साहेब? ही जंगलातली हाय." एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवशी भिंतीपलीकडून एकही चूक ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस त्या घरात दोन मुकी माणसं होती. त्यांनी मला शिव्या घालाव्यात म्हणून मी कारण काढून तीनदा जाऊन आलो. ते "या" म्हणत आणि चहा टाकत. मला जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी सकाळी आवाज आला. "ओब्बाकी उळदाळ!" एक बाई वाचली! न्हाणीघराच्या खिडकीत कान तुटलेल्या कपात अण्णांनी एक मरतुकडं रोप फेकवेना म्हणून खोचून ठेवलं होतं. ते मी पाहिलं नव्हतं, म्हणून ते वाचलं. इतकी चुकीची कन्नड ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ते रोप मात्र सरळ वर वाढू लागलं. ताठ, चौकोनी, अंगावर टोचरी लव. अण्णा घाबरले. लोंबणाऱ्या झाडाचं बी लावलं आणि उगवला खांब. मास्तरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, हे लहानपणी असंच असतं, ताठ आणि काटेरी. मोठं झालं की लव झडते, बारीक फांद्या फुटतात आणि मग वाकतं. आमच्या कोर्टात उलटं दिसतं.

करवंटीत लावून ते छताला टांगलं, गंगाक्कांना उशीवरून दिसेल असं. शिडी मी नेली, हूक मी ठोकला. तेवढंच प्रायश्चित्त. रोज तुषार मारायचे, करवंटीखाली फडकं लावायचं. दुसऱ्या वर्षी बारीक फांदी फुटली. तिसऱ्या वर्षी ती करवंटीच्या काठावरून खाली वळली.

इकडे गंगाक्का उतरत चालल्या होत्या. मधे आणखी एक झटका येऊन गेला. हुबळीला जाणं थांबलं. डॉक्टरांनी अण्णांना समजावून सांगितलं, आता शब्द आला तरी तो शेंडाबुडखा नसलेला येईल, व्याकरणाची आशा धरू नका. अण्णा हो म्हणाले आणि घरी येऊन "डॉक्टर हेळ्याळ" म्हणजे डॉक्टरबाई म्हणाल्या, असं मोठ्याने सांगितलं. डॉक्टर चांगले मिशा असलेले पुरुष आहेत. उत्तर आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी चार वाजता मी गंगाक्कांच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसलो होतो. अण्णा आत चहा करत होते. मी फोनवर दुसऱ्या दिवशीच्या तारखा बघत होतो. तेवढ्यात कोणीतरी बोललं.

"इळदाळ."

घोगरा, कोरडा आवाज. मी वर बघितलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अण्णा हातात सांडशी घेऊन दारात आले.

"येन अंद्री टीचर?" काय म्हणालात?

"इळदाळ."

इळदाळ म्हणजे खाली उतरली. पलंगावर फांदी खरंच हातभर खाली आली होती. पण झाड ही वस्तू. टीचरच्या कन्नडात ते 'इळदैती' व्हायला हवं होतं. गंगाक्कांच्या तोंडून तीन वर्षांनी शब्द आला, तो अण्णांच्या चुकीसकट.

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आत दूध उतू गेलं, जळका वास आला, कोणी उठलं नाही. शेवटी ते म्हणाले, "हौद री टीचर. इळदाळ." हो, उतरली.

त्यानंतर गंगाक्का तोच एक शब्द बोलत राहिल्या. पाणी हवं, इळदाळ. कूस बदला, इळदाळ. मी आलो तरी इळदाळ आणि गेलो तरी इळदाळ. हुबळीच्या बाई फोनवर म्हणाल्या, असं होतं, एक शब्द अडकून बसतो, त्यात अर्थ शोधू नका. अण्णांनी मान हलवली. आखूड म्हटलं तर पाणी, लांबवलं तर दुखतंय, एवढं त्यांनी ओळखून ठेवलं. स्वतः मात्र ते नीट कन्नड बोलू लागले. भिंतीपलीकडून एकही चूक येईनाशी झाली.

माघात गंगाक्का गेल्या. बुद्धवंदना झाली, आम्ही कॉलनीतली माणसं होतो. कलघटगीहून कोणी आलं नाही.

महिन्याभराने अण्णा माझ्याकडे आले आणि पक्षकारांच्या खुर्चीवर बसले.

"वकीलसाहेब, पहिल्यांदा ती बोलली तेव्हा तुम्ही तिथं होता."

"होतो."

"मी आत होतो. मला दिसलं न्हाई. ती कुठं बघत होती? झाडाकडं बघून म्हणाली, का उगंच तोंडातनं आलं?" माझ्या टेबलावरची टाचणी ते बोटाने सरकवत होते. "झाडाकडं बघत असली तर तिला कळत होतं. आणि कळत होतं म्हणजे चूकबी तिनं मुद्दाम केली. टीचर व्याकरणात चुकणारी बाई न्हवं. मग ते माझ्यासाठी होतं. न्हाईतर आजार होता. तुम्ही काय बघितलं ते सांगा."

मी काहीच बघितलं नव्हतं. मी तारखा बघत होतो. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नका, असं पिंजऱ्यात चढणाऱ्या प्रत्येक माणसाला बजावण्यात माझा जन्म गेला.

"झाडाकडंच बघत होत्या," मी म्हणालो. "फांदीच्या टोकाकडं. मग मान वळवून दाराकडं बघितलं, आणि मग म्हणाल्या."

"दाराकडं?"

"हो. तुम्ही आत होता ना."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. सगळी नोकरी गाडीच्या मागे काही सुटलंय का हे तपासण्यात गेलेला माणूस. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी टाचणी जागेवर ठेवली.

आता ते रविवारी येतात. चहा घेतात आणि म्हणतात, "सांगा." मी सांगतो. पहिल्या दिवशी सांगितलं तेवढंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आधी फांदी, मग दार, मग शब्द. अण्णा डोळे मिटून ऐकतात. नलिनी आत काम करता करता थांबते. माझं सांगून झालं, की अण्णा कप खाली ठेवतात.

मग म्हणतात, "दाराचं परत एकदा सांगा की."

मी दाराचं परत सांगतो.